वार्धक्य-अभ्यासातील माणसे (कोकण किनारा)

लोकसंख्येचे आरोग्य आणि म्हातारपण यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या विद्यापीठीय अभ्यासांत राबणाऱ्या माणसांविषयीची ही नोंद आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर प्रमुख संशोधकांची नावे असतात. त्यांच्यामागे वाडीवाडीतून घरांची यादी करणारे, ओटीवर बसून प्रश्न विचारणारे, रक्तदाब मोजणारे, प्रश्नावली मराठीत आणणारे, अर्धवट भरलेली मुलाखत परत पाठवणारे पर्यवेक्षक आणि आपल्या देहामनाची माहिती परक्या माणसाला देणारे आजी-आजोबा, असा मोठा गोतावळा असतो. कोकण किनाऱ्यावर या गोतावळ्याचे काम अवघड होते. येथे गावात मागे राहिलेल्यांत वृद्ध पुष्कळ, घरे विखुरलेली आणि कमावती पिढी मुंबईला असते.

संस्था आणि प्रकल्प

अशा अभ्यासांचा आजचा साचा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’वरून आला. त्याच माणसांकडे दर दोन वर्षांनी परत जायचे आणि तब्येत, पैसा, कुटुंब व स्मरणशक्ती यांची एकत्र विचारपूस करायची, ही त्याची रीत. इंग्लंड, युरोपातील अन्य देश आणि चीन येथे त्याच धर्तीवर अभ्यास उभे राहिले. भारतात हे काम ‘लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ म्हणजे ‘लासी’ या नावाने चालते. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्डचे सार्वजनिक आरोग्य विद्यालय आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचा हा संयुक्त प्रकल्प असून त्यामागे केंद्रीय आरोग्य मंत्रालय आहे. देवनारची संस्था १९५६ साली लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण केंद्र म्हणून स्थापन झाली आणि १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

लासीची चाचणी फेरी २०१० मध्ये कर्नाटक, केरळ, पंजाब आणि राजस्थान या चार राज्यांत झाली. पहिली पूर्ण फेरी २०१७ ते २०१९ या काळात पार पडली. तिच्यात ४५ वर्षे व त्यापुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. त्यांतील ३१ हजारांहून अधिक जण साठीच्या पुढचे होते. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिड ब्लूम, जिनकूक ली, पी. अरोकियासामी आणि टी. व्ही. शेखर ही या प्रकल्पाशी जोडलेली प्रमुख नावे. महाराष्ट्रापुरते पाहिले तर त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेचा वार्धक्य व प्रौढांच्या आरोग्याविषयीचा ‘सेज’ अभ्यास आणि २०११ चे सात राज्यांतील वृद्धांचे सर्वेक्षण या दोन्हींत हे राज्य होते.

लासीचे निष्कर्ष देश आणि राज्य या पातळीवर मिळतात, जिल्हावार मिळत नाहीत. गुहागर किंवा देवगडची म्हातारी महाराष्ट्राच्या सरासरीत विदर्भ-मराठवाड्याच्या म्हातारीबरोबर मिसळून जाते. ही मोठी उणीव आहे, कारण कोकणातले म्हातारपण घाटावरच्या म्हातारपणासारखे नसते.

मागे राहिलेले गाव

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के होते. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या, सिंधुदुर्गात १,०३६. २००१ ते २०११ या दशकात दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, तर सिंधुदुर्गची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांच्या खाली.

या आकड्यांमागे शंभराहून अधिक वर्षांची चाकरमान्यांची वाट आहे. पुरुष गिरणीत, गोदीत, पोलिसात किंवा घरगड्याच्या कामाला मुंबईत, बायको, मुले आणि आईवडील गावात, महिन्याला मनिऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तशी अनेक घरे गावाकडे परतली. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कोकणी पुरुषांत खात्यात उभे राहून सुताची धूळ छातीत भरलेले पुष्कळ आहेत. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा कायमचा आजार होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून फुंकर मारून श्वासाची ताकद मोजण्याची चाचणी कोकणात करताना ‘आजोबा, गिरणीत कुठल्या खात्यात होतात?’ हा प्रश्न प्रश्नावलीत नसला तरी विचारावासा वाटतो, आणि अनुभवी तपासनीस, म्हणजे मुलाखत घेणारा, तो विचारतोच.

घरयादी

मुलाखतीआधी घरांचा नकाशा आणि यादी तयार होते. लासीत ग्रामीण भागासाठी आधी तालुका, मग गाव, मग घर अशी निवड होते. देशावर गावठाण एकाजागी असते. कोकणात एकाच गावाच्या दहा-बारा वाड्या, मध्ये सडा (कातळाचा माळ), पऱ्ह्या (ओढे) आणि पाखाड्या (दगडी पायवाटा). यादी करणाऱ्या जोडीला अख्खा दिवस चढउतार करून दोन वाड्या पुऱ्या होतात. पावसाळ्यात ओढे भरले की एखाद्या वाडीकडे जाण्याची वाटच बंद होते, आणि लावणीच्या दिवसांत घरात कोणी सापडत नाही.

त्याहून कठीण प्रश्न असतो तो कुलूप लागलेल्या घराचा. नियमाने ते रिकामे घर. शेजारी मात्र सांगतात, ‘रिकामे कसे? गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात. आजी मुलाकडे डोंबिवलीला आहे, मे महिन्यात येते.’ ती आजी गावची धरायची की डोंबिवलीची? जनगणनेची कुटुंबाची व्याख्या एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांची आहे. दोन चुलींवर आळीपाळीने जेवणारी माणसे तिच्यात नीट बसत नाहीत. यादी करणाऱ्याने त्या क्षणी घेतलेला निर्णय पुढे सगळ्या आकडेमोडीत उतरतो, आणि तो कोणी घेतला हे अहवालात कधीही लिहिलेले नसते.

ओटीवरचे काम

मुलाखत घेणारे बहुतेक पदवीधर तरुण-तरुणी. हातात संगणक, पाठीवर वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, रक्तदाबाचे यंत्र, मुठीची ताकद मोजणारे यंत्र. मुलाखत तास-दीड तास चालते, कधी दोन बैठकांत पुरी होते. गावात शिरताना सरपंच किंवा पोलीस पाटलाला भेटावे लागते. दार उघडते ते मात्र बहुधा आशाताईमुळे. २००५ पासून गावोगावी नेमलेल्या या कार्यकर्त्या घरोघरच्या सुनांना आणि सासवांना नावानिशी ओळखतात. आशाताईंच्या तपासणी-अर्जात साठीपुढच्यांना चालताना तोल जातो का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का, असे प्रश्न आता आहेतच. म्हणजे विद्यापीठाचा माणूस गावात येण्याआधी म्हातारपणाची पहिली नोंद तिनेच केलेली असते.

पहिलाच प्रश्न वयाचा, आणि तो सोपा नसतो. शाळेत न गेलेल्या आजीला जन्मसाल माहीत नसते. ‘असेल की साठ-सत्तर’ असे उत्तर आले की तपासनिसाला माहीत असलेल्या घटनांच्या खुणा धरून मागे जावे लागते. कोकणात अशा खुणा भरपूर आहेत. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ‘भूकंपाला थोरला किती वर्षांचा होता?’ या एका प्रश्नाने अंदाजातली पाच-सात वर्षांची चूक दुरुस्त होते. कागदावर शेवटी एकच आकडा उरतो, पण तो काढायला अर्धा तास, एक शेजारीण आणि एक भूकंप लागलेला असतो.

मालमत्तेच्या प्रश्नावर मुलाखत अडखळते. ‘तुमच्या नावावर किती जमीन आहे?’ असे विचारले की कोकणात उत्तर म्हणून वंशावळ मिळते. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांच्या भावांच्या नातवंडांचीही नावे, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. आंब्याची पाच कलमे आपली, पण जमीन कोणाची हे कोर्टात. याला ‘लागू नाही’ म्हणायचे की ‘माहीत नाही’? प्रश्नावली इथे तोकडी पडते, आणि तपासनिसाने शेरा लिहिला नाही तर हे तोकडेपण कोणाला कळतही नाही.

स्मरणशक्तीच्या चाचणीत दहा शब्द ऐकवून लगेच आणि थोड्या वेळाने परत विचारतात. वीसपासून उलटे अंक म्हणायला, शंभरातून सात-सात वजा करायला, मिनिटभरात जमतील तितक्या प्राण्यांची नावे घ्यायला सांगतात. शाळेची पाटी हाती न धरलेल्या माणसाला ही परीक्षा अन्यायाची वाटू शकते. पाटी-पेन्सिलीवर बेतलेल्या चाचण्यांना पर्याय म्हणून हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात भारत-अमेरिका सहकार्याने निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदी चाचणी घडवण्यात आली, आणि लासीच्या स्मृतिभ्रंश-उपअभ्यासात ती वापरली गेली. तरी प्रश्न उरतोच. बाजारात सुरमईचे वाटे लावून, घासाघीस करून, दहा गिऱ्हाइकांची उधारी डोक्यात ठेवणारी दाभोळ-हर्णैची कोळीण शंभरातून सात वजा करताना थबकते. यंत्र तिला शून्य देते. तिची सून मात्र सांगते की आईंचा हिशेब आजवर चुकलेला नाही. म्हणूनच घरच्या माणसाची साक्ष ही चाचणीची दुसरी बाजू मानली जाते. उपअभ्यासात तर प्रत्येक नोंद तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे वाचून मगच निदान ठरवले. या पद्धतीने भारतात साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

भाषांतर करणाऱ्यांचा उल्लेख बहुधा कोठेच नसतो. ‘नैराश्य’ हा शब्द छापील मराठीत ठीक आहे, पण खळ्यात बसलेल्या आजीला तो वर्तमानपत्रातला वाटतो. ‘मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘झोप येत नाही, विचार येतात’ हे तिचे शब्द. प्रमाण मराठीतला प्रश्न सावंतवाडीत मालवणीत आणि किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्तीत तिथल्या बोलीत समजावून सांगावा लागतो. समजावताना अर्थ बदलू द्यायचा नाही, ही तारेवरची कसरत तपासनीस एकटाच करत असतो.

मुलाखतीत वृद्धांशी घरात कसे वागतात हेही विचारतात. त्यासाठी एकांत हवा. कोकणी घरात ओटी, पडवी आणि माजघर यांच्यामध्ये शब्द अडत नाही. सून चहा घेऊन येते आणि दाराशी उभी राहते. कसलेली तपासनीस अशा वेळी ‘वहिनी, तुमचं वजन करून घेऊ या का?’ म्हणून सहकाऱ्याला तिच्याबरोबर अंगणात पाठवते आणि मग तो प्रश्न काढते.

बोटाला सुई टोचून टिपकागदावर घेतलेले रक्ताचे थेंब वाळवून पुण्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे जातात. दमट हवेत ते नीट वाळवणे हे किनाऱ्यावर वेगळे कसब आहे. रक्त देण्याआधी संमती घ्यावी लागते. निरक्षर असल्यास साक्षीदारासमोर अंगठा. अंगठ्याची मात्र कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना धास्ती असते, कारण जमिनीच्या कागदावर अंगठे घेऊन फसवल्याच्या गोष्टी घराघरात सांगितल्या जातात. त्यामुळे संमतीपत्र वाचून दाखवायला वेळ लागला तर तो वाया गेला असे समजू नये.

गोव्यातला धडा

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला वार्धक्याच्या अभ्यासात मोलाची भर पडली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला गुणात्मक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे सांगितली की लोक ती लगेच ओळखत, पण तो आजार आहे असे कोणी मानत नसे. म्हातारपणी असे व्हायचेच, किंवा मुलांनी हेळसांड केली म्हणून झाले, असे उत्तर येई. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ हे शब्द हेच सांगतात. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दवाखान्यातील डॉक्टरांना असे रुग्ण क्वचित दिसत, घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सेविकांना मात्र ते नेहमी भेटत.

पुढे अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील ८१ कुटुंबांत घरी जाऊन काळजीवाहूंना आधार देण्याची योजना तपासली. निष्कर्ष २००८ मध्ये आले. भेटी देणारे स्थानिक भाषा बोलणारे साधे कार्यकर्ते होते, मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. पिट्सबर्ग विद्यापीठाबरोबर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १८१ ज्येष्ठ होते. स्थानिक समुपदेशकांनी ज्यांच्याबरोबर काम केले त्या ९१ जणांपैकी चौघांना तीव्र नैराश्य आले. नेहमीचे उपचार मिळालेल्या ९० जणांपैकी १३ जणांना. दोन्ही ठिकाणी फरक पाडला तो दारात पोचलेल्या माणसांनी.

परत येणे

दीर्घकालीन अभ्यासाचा कस दुसऱ्या फेरीला लागतो. पहिल्या वेळी मनापासून ऐकून घेतलेली आजी दुसऱ्या वेळी ‘आलीस गो बाय?’ म्हणते, घाईत गुंडाळलेल्या घरी दार उघडत नाही. ज्या घरचे माणूस मधल्या काळात गेले, तेथे या प्रकारच्या अभ्यासांत घरच्यांची वेगळी मुलाखत घेतात: शेवटचे महिने कसे गेले, कोणी उचलले-बसवले, औषधाला किती लागले. तिचे उत्तर बहुतेक वेळा सून देते, आणि त्या उत्तरात तिची स्वतःची पाठदुखी, सुटलेली कामे आणि जागून काढलेल्या रात्री येतात. प्रश्नावलीत त्यांना रकाना असेल तर त्या उतरतात.

सासू गेल्यावर अनेकदा सूनही मुलांकडे निघून जाते आणि घराला कुलूप लागते. मग पहिल्या फेरीत शेजाऱ्याचा म्हणून लिहून घेतलेला फोन नंबर काढायचा, त्याच्याकडून मुलाचा घ्यायचा, आणि राजापूर तालुक्यातल्या वाडीतल्या घराचा पाठपुरावा करत विरार, नालासोपारा किंवा दिव्याच्या चाळीपर्यंत जायचे. तिथे दार उघडणाऱ्या बाईला गावाचे आणि वाडीचे नाव सांगितले की ती आधी आत बोलावते, पाणी देते आणि मग विचारते, कोणाकडून आलात.