खांदा ‘फाटलाय’ म्हणजे नेमकं काय?

बडोद्यात वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीचा दुसरा दिवस, उलटला की फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत खांदे धरून माणसं येऊ लागतात. दोन दिवस गच्चीवर मान वर, हात वर, खेच आणि ढील. एरवी आरामात असलेला खांदा कुरकुरणारच. तरुणांचं दुखणं बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत शमतं. पन्नाशी-साठीची मंडळी मात्र हातात एमआरआयचा रिपोर्ट घेऊन येतात. त्यात एका ओळीखाली पेनाची रेघ असते: सुप्रास्पायनेटस टेअर. ‘फाटलंय म्हणतात. आता ऑपरेशनच ना?’

खांद्याची खोबण फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात बसतो म्हणण्यापेक्षा तिच्यावर टेकतो, लिंबू-चमच्याच्या शर्यतीतल्या लिंबासारखा. तो घसरू न देण्याचं काम चार स्नायूंचं. फऱ्यापासून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडापासून, निघून त्यांच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) गोळ्याला वेढतात. हाच रोटेटर कफ; रिपोर्टमधला सुप्रास्पायनेटस या चारांतलाच एक. वय वाढतं तशा या कंडरा झिजतात, कधी त्यांना भोकही पडतं.

पण भोक म्हणजे दुखणं नव्हे. जपानमध्ये संशोधकांनी एका गावातल्या ६६४ जणांचे खांदे सोनोग्राफीने तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत साधारण २२ टक्के लोकांची कंडरा आरपार फाटलेली निघाली. पन्नाशीच्या आत एकही नाही, ऐंशीच्या घरात मात्र तिघांत एकाहून जास्त. आणि फाटलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोकांना काही त्रासच नव्हता!

दुसरा धक्का थेट शवविच्छेदनाच्या टेबलावरून आला. दंडाच्या हाडावरचा मोठा उंचवटा प्रामुख्याने सुप्रास्पायनेटसचा, असं आम्ही सगळे पाठ करून पास झालो. २००८ मध्ये जपानमधल्या मोचिझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मृतदेहांतले ११३ खांदे बारकाईने सोडवून पाहिले. सुप्रास्पायनेटसच्या वाट्याला पुढचा छोटा तुकडा. बाकी बरीचशी जागा शेजारच्या इन्फ्रास्पायनेटसने व्यापलेली. म्हणजे ज्याला आपण एकट्या सुप्रास्पायनेटसची जखम म्हणतो, तिच्यात बऱ्याचदा शेजारीही सामील असतो. शतकानुशतकं चिरफाड होत आलेल्या शरीरात २००८ सालीही असं काही सापडावं, याचं मला अजून नवल वाटतं.

हा इन्फ्रास्पायनेटस तुम्हाला हाताने चाचपता येतो. उजवं कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि कुणाला तरी तुमच्या उजव्या फऱ्यावर, तिथल्या आडव्या हाडाच्या कडेखाली, हात ठेवायला सांगा. आता कोपर न हलवता मनगट बाहेरच्या बाजूला न्या. बोटांखाली जे टणक होतं, तेच ते. काखेत गुंडाळलेला टॉवेल, खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा आणि हीच हालचाल सावकाश. सुरुवातीच्या व्यायामाचा गाभा एवढाच. पुढे फऱ्याचे स्नायू आणि हात वर नेण्याचा सराव त्यात येतो. पण ‘मशीन नाही लावणार?’ हा प्रश्न ठरलेला. प्रा. माणिकरावांच्या आखाड्याच्या गावात व्यायामावर विश्वास बसवायला इतका वेळ लागावा!

कंडरेच्या वरचं हाड तिला घासतं म्हणून ऑपरेशन करून ते तासायचं, हा विचार अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञ चार्ल्स नीर यांच्या १९७२ च्या लेखापासून रूढ झाला. २०१८ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ३१३ रुग्णांची चाचणी छापून आली. त्यांची कंडरा आरपार फाटलेली नव्हती. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच.

आरपार फाटलेल्यांचं काय? कुठलीही इजा न होता कंडरा फाटलेल्या ४५२ जणांना अमेरिकेत ठरावीक फिजिओथेरपी दिली गेली. दोन वर्षांत ऑपरेशनकडे वळले ते चौथ्या हिश्श्याहूनही कमी, आणि त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. म्हणून मी रुग्णाकडून आधी तीन महिने मागून घेते. रिपोर्टमधल्या भोकाच्या मापापेक्षा हात कुठवर जातो, रात्री त्या कुशीवर झोप लागते का, ब्लाउजचा हुक लागतो का, हे जास्त विचारते. गच्चीच्या पायरीवरून पडून ज्याचा हात त्या क्षणापासून वर उठेनासा झालाय, त्याचं गणित मात्र वेगळं. त्याला टॉवेल-पट्ट्यात न अडकवता त्याच आठवड्यात अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवायचं. तिथे उशीर झाला तर कंडरा आखडते आणि शिवणं अवघड होतं.