चित्रातला जमाव : नागरी हक्क आणि मुलांची पुस्तके

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याची पहिली गाजलेली चित्रकथा मुलांसाठी नव्हतीच. अलाबामातील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध झालेल्या बस बहिष्कारावरचे १६ पानी, १० सेंटचे कॉमिक एका शांततावादी संघटनेने १९५७ मध्ये काढले, ते अहिंसक प्रतिकार कसा करावा हे सांगण्यासाठी. बालपुस्तकांचे जग त्या वेळी जवळजवळ गोरेच होते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन वर्षांतल्या ५,२०६ पुस्तकांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत कृष्णवर्णीय व्यक्ती आढळल्या. १९५९ मध्ये अलाबामात काळा ससा आणि पांढरी सशीण यांच्या लग्नाचे चित्रपुस्तकही काही राजकारण्यांना खुपले, तेव्हा राज्याच्या ग्रंथालय विभागाने ते रद्द न करता राखीव कपाटात ठेवले.

१९९० च्या दशकापासून रूबी ब्रिजेसची कथा शाळांतून रुळली. १४ नोव्हेंबर १९६० रोजी ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी फेडरल मार्शलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या, पहाऱ्यात न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या शाळेत गेली. तिच्या प्रवेशाला विरोध करत शाळेबाहेर ओरडणारा गोरा जमाव पुस्तकात दाखवावा की नाही, हा कळीचा प्रश्न पुढे टेनेसी राज्यात ऐरणीवर आला. २०२१ मध्ये एका पालक संघटनेच्या स्थानिक शाखेने दुसरीच्या अभ्यासक्रमातील अशा पुस्तकांविरुद्ध तक्रार केली. संतप्त गोऱ्या जमावाचा उल्लेख आणि कृष्णवर्णीय मुलांवर पाण्याचे फवारे मारणाऱ्या अग्निशामकांची छायाचित्रे, असे तिचे आक्षेप होते. आधार होता तो त्याच वर्षीच्या नव्या कायद्याचा. या कायद्याने मनाई केली होती ती, एखाद्याला केवळ त्याच्या वर्णामुळे अपराधी किंवा अस्वस्थ वाटायला हवे, असे शिकवण्याला. चित्र पाहून मूल अस्वस्थ होणे ही निराळी बाब आहे, आणि तक्रारीत या दोहोंची गल्लत झालेली दिसते. शिवाय जमाव वगळला तर पहारा कशासाठी होता, हे सात वर्षांच्या मुलाला कळणार कसे?

राज्याच्या शिक्षण विभागाने या प्रश्नाला हातच घातला नाही. आक्षेपार्ह ठरवलेले पाठ कायदा लागू होण्यापूर्वीच्या शैक्षणिक वर्षातले आहेत, एवढ्या मुद्द्यावर त्याने तक्रार चौकशीला घेण्याचे नाकारले. पुस्तके राहिली, पण पुढच्या वर्षी तीच तक्रार नव्याने करण्याची वाटही मोकळी राहिली.