माईक-कॅमेऱ्यातून थेट कमांडने रेकॉर्डिंग: वहीतली जुनी कमांड आज का चालत नाही

सप्ताह जवळ आला की आमच्या परभणी-गंगाखेड भागात रेकॉर्डिंगवाल्या पोरांच्या वह्या बाहेर निघतात. वहीत कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली, लिनक्सवर एफएफएमपेग या प्रोग्रामने आवाज-व्हिडिओ रेकॉर्ड करायची एक ओळ असते, आधी प्रोग्रामचं नाव, मग डॅश-एफ, डॅश-आय, डिव्हाइस आणि शेवटी फाइल. ती ओळ नव्या लॅपटॉपवर टाकली की एरर येतो आणि मग मला फोन येतात, दादा आमचं काय चुकायलंय बघा. त्यांचं काही चुकत नाही, मधल्या काळात खालची नावं बदलत गेली आणि ती का बदलली हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. एफएफएमपेग 2000 साली सुरू झालं. त्याच्या जुन्या डॉक्युमेंटेशनमधे इनपुट काहीच न देता नुसतं आउटपुट फाइलचं नाव द्यायचं उदाहरण होतं, मग ते आपोआप व्हिडिओफॉरलिनक्सचा (लिनक्सची कॅमेऱ्याशी बोलायची पद्धत) कॅमेरा आणि ओएसएसचं (आवाजाची जुनी पद्धत) साउंडकार्ड उचलायचं. आवाजासाठी तेव्हा डिव्हाइसचं नाव डेव्ह-डीएसपी, आणि बऱ्याच कार्डांवर ते एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळायचं. डिसेंबर 2003 ला 2.6 कर्नल (लिनक्सचा गाभा) आलं, त्यात ओएसएसची जागा अल्साने घेतली. वेबकॅमचं खरं सुख मात्र 2008 च्या जुलैत 2.6.26 मधे यूव्हीसी हा यूएसबी वेबकॅमसाठीचा सामायिक ड्रायव्हर आल्यावर, त्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याच्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर शोधत बसावं लागायचं. आणि मार्च 2011 मधे 2.6.38 ला व्हिडिओफॉरलिनक्सची पहिली आवृत्ती कर्नलमधून काढून टाकली, उरली ती फक्त दुसरी. म्हणजे कुणाच्या वहीत ओएसएस आणि पहिलं व्हिडिओफॉरलिनक्स असेल तर ती ओळ तेव्हाच गेली.

फॉरमॅट या शब्दाने फार घोळ घातलाय. एरेकॉर्डमधे (अल्साचा नुसता आवाज रेकॉर्ड करणारा प्रोग्राम) डॅश-एफ म्हणजे सँपलचा फॉरमॅट, किती बिट, कुठल्या क्रमाने. एफएफएमपेगमधे डॅश-एफ म्हणजे फाइलचा फॉरमॅट, पण रेकॉर्डिंग करताना तिथंच अल्सा किंवा व्हीफोरएलटू (व्हिडिओफॉरलिनक्सची दुसरी आवृत्ती) लिहायचं, म्हणजे चक्क डिव्हाइसचा प्रकार. कारण आतून ते फाइल वाचणारा भाग आणि डिव्हाइस वाचणारा भाग एकाच साच्यात बसवतात, दोन्हीकडून शेवटी डेटाची पाकिटंच येतात. शिवाय कॅमेऱ्याचा पिक्सेल फॉरमॅट वेगळाच, 720पी कच्च्या, म्हणजे न दाबलेल्या वायूवायव्हीत 30 फ्रेमने घ्यायचं म्हटलं तर सेकंदाला 55 एमबी होतात, यूएसबी 2 ला ते प्रत्यक्षात पेलत नाही, म्हणून कॅमेरा 10 फ्रेमवर उतरतो आणि लोकांना वाटतं लॅपटॉप स्लो आहे. तिथं इनपुट फॉरमॅट एमजेपेग (दाबलेली चित्रं) मागायचा असतो, आणि तोही डॅश-आयच्या आधी, कारण ऑप्शन पुढच्या फाइलला लागू होतो, मागच्याला नाही.

एरेकॉर्डला काहीच सांगितलं नाही तर ते 8 बिट, 8000 हर्ट्झ, मोनो घेतं. काल्याचं अख्खं कीर्तन मी एकदा असं घेतलंय. पखवाजाची थाप नुसती फटफट ऐकू येते, टाळ तर ऐकूच येत नाहीत, आणि ते कीर्तन परत होणार नव्हतं. डॅश-एफ सीडी एवढं लिहिलं असतं तर 16 बिट 44100 स्टिरिओ मिळालं असतं, दोन तासाला सव्वा जीबीच्या आसपास. त्या दिवसापासून मी सुरुवातीला छापून येणारी ओळ वाचल्याशिवाय वीणेकऱ्यांना मान हलवून सांगत नाही की चालू करा.

आता मुख्य गोष्ट, 2011 ची. त्या वर्षाच्या सुरुवातीला एफएफएमपेगच्या डेव्हलपरांमधे फूट पडली. कोड कसा तपासायचा, कुणाच्या होकाराने आत घ्यायचा, प्रोजेक्ट कुणी चालवायचा यावरून ते भांडण होतं. एक गट बाहेर पडला, नाव आणि साइट जुन्यांकडेच राहिली, आणि बाहेर पडलेल्यांनी आपल्या प्रोग्रामला एव्हीकॉन्व्ह नाव दिलं. इथवर ठीक आहे, फुटणं हे या जगात चालतं. पण डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांचं पॅकेज सांभाळणारी मंडळी बाहेर पडलेल्या गटाच्या बाजूची होती, त्यामुळं एफएफएमपेग नावाच्या पॅकेजात बाहेर पडलेल्यांचा कोड येऊ लागला. उबंटू 12.04 वर एफएफएमपेग टाइप केलं की मोठ्या अक्षरात यायचं की हा प्रोग्राम डेप्रिकेटेड (म्हणजे आता वापरू नका) आहे, पुढं काढून टाकला जाईल, एव्हीकॉन्व्ह वापरा.

हा मेसेज मला आजही चुकीचा वाटतो आणि मी तसंच लिहिणार. डेप्रिकेटेड झालं होतं ते त्या गटाच्या पॅकेजमधलं जुन्या नावाचं प्रोग्राम, खरं एफएफएमपेग तिकडं जोरात चालू होतं, उलट दुसऱ्या गटाचे बदलही ते रोजच्या रोज आपल्यात घेत होतं. पण नांदेडला किंवा अंबाजोगाईला कॉलेजच्या लॅबमधे बसलेल्या पोराला हे कसं कळणार? त्याने मेसेज वाचला, एफएफएमपेग संपलं असं समजला, वहीत खाडाखोड करून एव्हीकॉन्व्ह लिहिलं आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना तेच शिकवलं. उबंटू 14.04 मधे तर एफएफएमपेगचं पॅकेजच नव्हतं, ते हवं असेल तर स्वतः कंपाइल करा नाहीतर बाहेरून आणा, आणि आपल्याकडं तेव्हा नेट म्हणजे डोंगल, तेही छतावर जाऊन धरायचं. दुसऱ्या बाजूचंही म्हणणं होतं की त्यांना कोड नीट तपासूनच आत घ्यायचा होता, ते म्हणणं वाईट नव्हतं. पण मेसेजमधे "आमच्याकडचं" एवढा एक शब्द असता तरी पुष्कळ वर्षांचा गैरसमज टळला असता.

2015 ला चित्र पालटलं. एकाच जातीचे दोन कोड सुरक्षेसाठी सांभाळायचे म्हणजे दुप्पट काम, यावर डेबियनमधे लांबलचक चर्चा झाल्या आणि शेवटी निकाल एफएफएमपेगच्या बाजूने लागला. उबंटूत ते 15.04 ला परत आलं, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत 2017 ला, आवृत्ती 9 मधे. एव्हीकॉन्व्हचं काम हळूहळू थांबलं. पण वह्यांत ते नाव राहिलंच.

याच काळात आम्ही शिकलो तो एमकेव्ही हा फाइलचा प्रकार. लोडशेडिंगचे दिवस, मंडपात डेस्कटॉप, लाइट गेली की गेली. एमपीफोर फाइलची सगळी यादी शेवटी लिहिली जाते, त्यामुळं मधेच बंद पडलं तर दीड तासाची फाइल डिस्कवर असून उघडत नाही. एमकेव्ही जिथपर्यंत लिहिलं तिथपर्यंत वाजतं. म्हणून वहीत शेवटी एमकेव्हीच असायचं, आणि नंतर घरी बसून री-एनकोड न करता एमपीफोरमधे कॉपी करायचं.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. 2020 ला लॉकडाऊनमधे मास्तर लोकांना क्लास घ्यायचे होते, तेव्हा व्हीफोरएलटू लूपबॅकने खोटा कॅमेरा तयार करून त्यात एफएफएमपेगने काहीही सोडता येतं हे गावोगावी कळलं. आवाजाकडं पल्सऑडिओ (अल्साच्या वर बसून सगळ्या प्रोग्रामांना आवाज वाटून देणारं) 2008 पासून उबंटूत होतंच, त्याची जागा 22.10 पासून पाइपवायरने घेतली, पण डॅश-एफ पल्स लिहिलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं कारण पाइपवायर पल्ससारखं बोलतं. स्क्रीन रेकॉर्डिंगचं तसं नाही, एफएफएमपेगचं एक्स11ग्रॅब फक्त एक्ससाठी (स्क्रीनवर चित्र दाखवायची जुनी पद्धत) आहे, वेलँडवर (नवी पद्धत) ते पूर्ण स्क्रीन देत नाही, लॉगिन करताना एक्सचं सेशन दिसत असेल तर ते निवडा, नाहीतर ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम वापरा.

तेव्हा वहीतल्या ओळीत आता एवढं बघा. एव्हीकॉन्व्ह लिहिलं असेल तिथं एफएफएमपेग करा. ओएसएस आणि डेव्ह-डीएसपी असेल तिथं अल्सा किंवा पल्स करा. कार्डाचा नंबर कधीच पाठ करू नका, यूएसबी माईक काढून परत लावला की तो बदलू शकतो, आधी एरेकॉर्ड डॅश-एल करून नाव बघा आणि नावानेच द्या. डिव्हाइसच्या नावाआधी नुसतं एचडब्ल्यू (थेट कार्ड) देऊन चॅनलचा एरर आला तर प्लगएचडब्ल्यू द्या, वेबकॅमचा माईक बऱ्याचदा मोनो असतो आणि प्लगएचडब्ल्यू ते जुळवून घेतं. बाकीची ओळ बहुतेक आहे तशीच चालेल, एमकेव्हीसकट.