आल्टरनेटर बदल (खानदेशातल्या जीपांमधला)

आल्टरनेटर बदल म्हणजे गाडीच्या इंजिनावरचा मूळ आल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं, बॅटरी भरणारं यंत्र) काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचा किंवा जास्त अँपिअरचा बसवणं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे काम जास्त करून जुन्या जीपांवर होतं, त्यातही ज्यांचं मूळ इंजिन जाऊन दुसरंच बसलंय अशांवर. गॅरेजात या वस्तूला अजूनही सर्रास 'डायनामा'च म्हणतात. गिऱ्हाईक येतं आणि "भाऊ, बॅटरी भरस नही" एवढंच सांगतं, पुढचं शोधायचं काम वायरिंगवाल्याचं.

नावाचा हा घोळ जुना आहे. डायनामो डीसी (एकाच दिशेचा) करंट देतो, आल्टरनेटर आतल्या आत एसी (दिशा बदलत राहणारा) तयार करून डायोडमधून, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, डीसी बाहेर काढतो, पण काम एकच म्हणून नाव टिकलं असावं. मूळ शोधाचं श्रेय कोणाला यावरही मतं वेगळी पडतात. फॅरेडेचा प्रयोग १८३१चा, फ्रान्सच्या पिक्सीचं हाताने फिरवायचं मशीन १८३२चं, आणि पिक्सीच्या मशीनमधून मुळात एसीच निघायचा, तो डीसी करायला नंतर कम्युटेटर (फिरताना जोडण्या उलटवणारा भाग) लावला, म्हणजे त्या हिशोबाने आल्टरनेटर हा डायनामोचा मोठा भाऊ ठरतो. मोटारीत तो कधी आला याचं साधारण सांगितलं जाणारं उत्तर म्हणजे क्रायस्लरची व्हॅलियंट. साल कोणी १९५९ देतं, कोणी १९६०, कारण गाडी १९५९च्या शेवटी आली पण मॉडेल १९६०चं. दुसरं मत असं की लीस-नेव्हिल कंपनीने १९४०च्या दशकातच बसेस आणि पोलीस गाड्यांसाठी आल्टरनेटर दिले होते. ते खरंच आहे, पण त्यांना एसीचा डीसी करायला मोठाले सेलेनियम रेक्टिफायर लागायचे. स्वस्त सिलिकॉन डायोड आल्यावरच हा प्रकार सामान्य गाडीच्या बॉनेटखाली मावला, त्यामुळे इथे व्हॅलियंटचंच पारडं जड मानलेलं बरं.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं किती अँपिअरचा, आणि चूक तिथेच सुरू होते. लुकास कंपनीचा जुना सी-४० डायनामो साधारण २२ अँपिअरचा, तेही इंजिन चांगलं फिरलं तर. दोन हेडलाइटच दहाएक अँपिअर खातात, वर एलईडी बार, हॉर्न, टेप लावला की बॅटरी बसणारच, त्यामुळे ६५ अँपिअरचा लावावा वाटणं साहजिक आहे. पण जुन्या डॅशबोर्डवर जो अॅमीटर असतो त्यातून चार्जिंगचा सगळा करंट जातो आणि तो असतो ३०चा, मग नवीन आल्टरनेटर लावून त्याच वायरी ठेवल्या तर आधी वायर तापते, मग मीटर जळतो, आणि कधी कधी डॅशबोर्डच. आल्टरनेटरपासून थेट बॅटरीपर्यंत जाड वायर टाकणं, मध्ये फ्यूज देणं आणि अॅमीटर काढून व्होल्टमीटर लावणं हाच बरा मार्ग. जुना कटआउट (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारी बाहेरची डबी) पण काढायचा, कारण नवीन आल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, आतच असतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) असतं, ते न बघता जोडलं तर डायोड क्षणात जातात.

खरा धोका डिझेल जीपमध्ये आहे. डिझेल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळ्यांत) पेट्रोलसारखा व्हॅक्युम तयार होत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी (व्हॅक्युमच्या जोरावर पेडल हलकं करणाऱ्या भागासाठी) वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये तो आल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो. आता अशा गाडीला पेट्रोल कारचा, म्हणजे पंप नसलेला, स्वस्तातला आल्टरनेटर लावला की चार्जिंग झकास होतं आणि ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट होतं. तोरणमाळच्या घाटात उतरताना हे कळलं तर काय उपयोग! पंपवाला आल्टरनेटर शोधला तरी त्याला इंजिनातून ऑइलची नळी येते आणि परतीची नळी खाली संपकडे (इंजिनच्या तळातल्या ऑइलच्या भांड्याकडे) जाते, ती परतीची नळी जाडी आणि उतरती नसली तर ऑइल साचून आल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) चिकटतात. शिवाय पंप ठरलेल्या दिशेनेच चालतो. नुसता आल्टरनेटर उलटा फिरला तरी करंट देतो (पंख्याची पाती तिरकी असतील तर थंडावा कमी मिळतो एवढंच), पंपाचं तसं नाही.

ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतात. पुली इंजिनच्या पुलीच्या रेषेत नसेल तर पट्टा एका बाजूने घासतो, आणि नव्या आल्टरनेटरची पुली बारीक खाचांच्या पट्ट्याची असते, ती बदलून व्ही पट्ट्याची लावावी लागते. पुलीचं गणित मात्र कमी लोक करतात. क्रँकची पुली १५० मिमी आणि आल्टरनेटरची ६५ मिमी धरली तर साधारण २.३ पट, म्हणजे ७५० आरपीएमला आल्टरनेटर १७०० च्या आसपास फिरतो. चार्जिंग सुरू होतं पण पूर्ण अँपिअर मिळत नाहीत, ते आल्टरनेटरच्या पाच-सहा हजार आरपीएमला मिळतात. डिझेल इंजिन आधीच हळू फिरतं, त्यामुळे पेट्रोल गाडीचा आल्टरनेटर आहे त्या पुलीने लावला तर कागदावरचे ६५ कागदावरच राहतात. आणि ६५ अँपिअर पूर्ण घेतले तर इंजिनवर दोन हॉर्सपॉवरच्या वर भार पडतो, हे पण फुकट नाही.

चार्जिंगचा लाल दिवा नुसता शोभेचा नाही. त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच रोटरला (आल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाला) सुरुवात करून देतो. हौसेने त्या जागी एलईडी लावला की आल्टरनेटर जागाच होत नाही, रेस दिल्यावर कुठे पकडतो. बल्ब परत लावावा नाहीतर एलईडीला समांतर ५० ते १०० ओमचा, पाच वॅटचा रेझिस्टर टाकावा.

भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून बरंच जास्त. तांब्याचा रोध तापमानाने वाढतो, रोटरचा करंट घटतो, आउटपुट उतरतं, वर रेग्युलेटर गरम झाल्यावर मुद्दाम व्होल्टेज कमी करतो. हिवाळ्यात सकाळी १४.२ व्होल्ट दाखवणारा तोच आल्टरनेटर भर दुपारी १३.७ दाखवतो, आणि चांगला माल 'गेला' म्हणून बदलला जातो. कापूस वाहणाऱ्या गाडीत मात्र जाळीत अडकलेले तंतू खरंच कारण असू शकतात, आधी ते काढून बघावं.

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार रोखतं, इंजिन बदललं तर आरटीओत नोंद हवी. आरसी बुकावर आल्टरनेटरचा रकाना नाही.