रस्त्यांची जोडणी व नगरविस्तार, भारतातील

शहर कडेने वाढत असताना तयार होणारे नवे रस्ते एकमेकांना आणि जुन्या रस्त्यांना किती ठिकाणी मिळतात, यावरून त्या भागाची जोडणी ठरते. विरळ वस्ती म्हणजे तुटक रस्ते, हा समज पाश्चात्त्य उपनगरांवरून रूढ झाला. भारतात दाट वस्तीतही गल्ल्या बंद टोकांच्या असतात. त्यामुळे घनता व जोडणी यांचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट.

मोजमापासाठी दर चौरस किलोमीटरमधील चौकांची संख्या, बंद टोकांचे प्रमाण आणि वळसा-गुणोत्तर (प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर भागिले सरळ रेषेतील अंतर) वापरतात. आदर्श चौकटी जाळ्यात हे गुणोत्तर सरासरी १.२७ व कमाल १.४१ येते. यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने किमान ३० टक्के जमीन रस्त्यांसाठी आणि दर चौरस किलोमीटरला किमान १८ किमी रस्ते सुचवले आहेत. हे निकष भारतीय नकाशांना लावताना जपून लावावे लागतात : कुंपणबंद संकुलांतले रस्ते नकाशावर खुले दिसतात, तर पायी वापराचे बोळ अनेकदा त्यावर नसतातच.

तुटकपणाचे मूळ शेताच्या आकारात आहे. महाराष्ट्रात शहरालगतची जमीन गुंठ्यांनी (१ गुंठा = १,०८९ चौ. फूट) विकली जाते, तेव्हा मालक आपल्या लांबट गटातून एक अरुंद वाट सोडतो आणि तिच्या कडेने प्लॉट पाडतो. वाट बांधाला जाऊन संपते. शेजारच्या गटातही तसेच होते. परिणामी पाठीला पाठ लावून उभ्या घरांच्या दोन रांगांना मुख्य रस्त्यावर येऊनच एकमेकांकडे जावे लागते. गुंठेवारी नियमित करणारा २००१ चा कायदा पुढे २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना लागू केला गेला. त्याने घरमालकाची कायदेशीर अडचण सुटते; गल्ली बहुधा होती तशीच राहते.

यावरचा जुना उपाय म्हणजे नगररचना योजना (टी. पी. स्कीम). तीत सर्व मालकांचे ‘मूळ भूखंड’ एकत्र धरून आधी रस्ते आखतात, मग प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्त्याला लागून असलेला ‘अंतिम भूखंड’ देतात आणि मूल्यवृद्धीचा काही भाग खर्चापोटी वसूल करतात. तिचा उगम वादग्रस्त आहे. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्यावर बेतलेला होता, असे एक मत. कायद्याची परिभाषा पाहता ते निराधार नाही. पण भूखंडांची फेरवाटणी हा योजनेचा गाभा इंग्लिश कायद्यात ठळक नव्हता. फ्रँकफुर्टचे महापौर फ्रांझ आडिकेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९०२ च्या प्रशियन कायद्यात तो स्पष्टपणे आढळतो, आणि मुंबई सरकारने कायदा करण्यापूर्वी जर्मन कायद्यांची माहिती मागवली होती. त्यामुळे जर्मन मूळ अधिक संभवनीय दिसते. सरकारचे सल्लागार सर्वेक्षक ए. ई. मिराम्स यांचा या योजनांशी निकटचा संबंध होता. १९१४ पासून भारतात वावरलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनाही कधीकधी श्रेय दिले जाते, मात्र त्यांचा भर जुन्या वस्तीतील हळुवार दुरुस्तीवर होता.

पहिली योजना सामान्यतः अहमदाबादची जमालपूर (सु. १९१७) मानली जाते. मुंबईत वांद्रे, खार, सांताक्रूझ येथील क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते याच पद्धतीचे फलित असून तेथील पत्त्यांत ‘टी. पी. एस.’ अजून लिहितात.

१९५४ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. महाराष्ट्राच्या १९६६ च्या अधिनियमात नगररचना योजनांची तरतूद कायम राहिली, पण व्यवहारात विकास आराखडा व भूसंपादन यांवरच भिस्त राहिली. आराखड्यावर आखलेला डीपी रस्ता मोबदल्याच्या वादात मध्येच थांबतो. पुण्यात अशा राहिलेल्या तुकड्यांना सर्रास ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली तेव्हा तेथील बांधकाम बरेच पुढे गेलेले होते. गुजरातने १९७६ च्या कायद्याखाली योजना चालू ठेवल्या. अहमदाबादच्या ७६ किमीच्या सरदार पटेल वर्तुळमार्गासाठी जमीन मिळवताना त्यांचा उपयोग झाला, तसेच २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या तटबंदीच्या आतील भागातही. यावरून ही पद्धत फक्त मोकळ्या शेतजमिनीसाठीच आहे, हा आक्षेप टिकत नाही. अंतिम मंजुरीस लागणारा दीर्घ काळ हा मात्र तिचा खरा दोष होय. रस्त्याचा ताबा आधी घेण्याची तरतूद त्यावर उतारा म्हणून आली.

चंडीगढ (८०० × १,२०० मी. सेक्टर) आणि नवी मुंबई (सिडको, १९७०) येथे सुरुवातीसच नियोजनबद्ध जाळे आखले गेले. अमरावतीसाठी आंध्र प्रदेशाने २०१५ च्या सुमारास भू-एकत्रीकरण (मालकांच्या जमिनी एकत्र घेऊन विकसित भूखंड परत देणे) केले. जनगणना-शहरांची (जनगणनेत शहर धरलेली, पण नगरपालिका नसलेली गावे) संख्या २००१ मधील १,३६२ वरून २०११ मध्ये सु. ३,९०० झाली. तेथील नवे रस्ते प्रामुख्याने पाणंद व गाडीवाटांवरच उभे राहतात.