वल्हांडणाचा पाचवा पेला

मराठी बायबलात पासओव्हरला ‘वल्हांडण’ म्हणतात. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. मिसर देशातल्या घराघरांतले पहिले मुलगे मारत निघालेला देव, ज्या घरांच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं होतं ती इस्राएली घरं ओलांडून पुढे गेला, अशी ती ‘निर्गम’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली कथा. हिब्रूत सणाचं नाव पेसाह. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे तिथल्या मराठीभाषक यहुद्यांकडे, त्याचं जुनं नाव याहून घरगुती होतं: अनाशी ढाकाचा सण, म्हणजे आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण. नियम तोच. सात दिवस (इस्राएलबाहेर आठ) घरात आंबलेलं काही ठेवायचं नाही. पीठ आणि पाणी एकत्र झाल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजून निघाली तीच खरी मत्सा, म्हणजे या सणाची बिनआंबवणाची भाकरी.

मिसरची गुलामी, मोशे, दुभंगलेला समुद्र हे बहुतेकांना ठाऊक असतं. या सणाचा जमिनीशी काय संबंध, हे मात्र कथेपेक्षा पंचांगातून लवकर कळतं.

यहुदी महिना आपल्यासारखाच चंद्राचा. पेसाह निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री, भर पौर्णिमेला सुरू होतो, आणि बहुतेक वर्षी तो आपल्या हनुमान जयंतीच्या आगेमागेच पडतो. दोन्हीकडे अधिक महिना आहे. त्यांच्याकडे 19 वर्षांत 7. तो का धरावा लागतो? तोरा, म्हणजे यहुद्यांचं मूळ धर्मशास्त्र, सांगते की हा सण आवीव महिन्यातच आला पाहिजे, आणि आवीव म्हणजे सातूची कोवळी कणसं. अधिक महिना नसता तर सण सरकत सरकत हिवाळ्यात गेला असता आणि शेतात कणीसच दिसलं नसतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी सातूची पहिली पेंढी मंदिरात अर्पण व्हायची, त्यानंतरच नवं धान्य तोंडात घालायला मोकळीक. मेंढपाळांचा कोकराचा सण आणि शेतकऱ्यांचा बिनआंबवणाच्या भाकरीचा सण मुळात वेगळे होते, मिसरच्या कथेने ते एकत्र बांधले, असं अनेक अभ्यासक मानतात. यहोशवाच्या पुस्तकातला एक प्रसंग इथे आठवतो. यार्देन नदी ओलांडून आलेले लोक गिलगालला पहिला वल्हांडण पाळतात, त्या देशाचं धान्य खातात, आणि दुसऱ्या दिवसापासून आकाशातून पडणारं अन्न, मान्ना, बंद होतं. म्हणजे आता पिकवा आणि खा.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि कोकराचा बळीही थांबला. (स्वतःला इस्राएलाचेच वंशज म्हणवणारे शोमरोनी लोक मात्र नाब्लुसजवळच्या गरिझीम डोंगरावर आजही तो देतात, त्यांच्या लेखी पवित्र डोंगर यरुशलेमचा नाहीच.) पंडितांनी सण मंदिरातून उचलून जेवणाच्या पाटावर आणला. सुमारे इ.स. 200 च्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहामध्ये ‘पसाहीम’ प्रकरणाचा दहावा अध्याय वाचला तर आजच्या सेदेरचा, म्हणजे सणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणाचा, आराखडा ओळखू येतो: द्राक्षारसाचे चार पेले, मुलाचे प्रश्न, कडू भाजी, मत्सा.

चारच पेले का, याचं प्रचलित उत्तर निर्गमाच्या सहाव्या अध्यायात आहे. देव तिथे एकापाठोपाठ एक वचनं देतो: बाहेर काढीन, सोडवीन, मुक्त करीन, आपलंसं करीन. प्रत्येकाचा एक पेला. पण पुढच्याच ओवीत पाचवं क्रियापद येतं: त्या देशात नेईन. त्याचा पेला प्यायचा की नाही यावर तल्मूदकाळापासून, म्हणजे मिश्नावरच्या जुन्या चर्चांच्या काळापासून, वाद आहे. निकाल लागला नाही, म्हणून तो पेला भरून ठेवतात आणि पीत नाहीत. असे न सुटलेले प्रश्न एलीया संदेष्टा परत येऊन सोडवणार, म्हणून तो एलीयाचा पेला.

देश हाती नसल्याची दुसरी खूण या पेल्याहून सूक्ष्म, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. नव्या पिकाची टोपली मंदिरात देताना शेतकऱ्याने काय म्हणायचं, ते ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात दिलं आहे. माझा बाप भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आमचा छळ झाला, देवाने बाहेर काढलं, आणि हा दूधमधाचा देश दिला. सेदेरच्या रात्री वाचायच्या हग्गादात याच उताऱ्याची ओळ न् ओळ उलगडतात, पण वाचन देवाने बाहेर काढलं इथे थांबतं. देश दिला, ही ओवी गाळलेली. देश हातचा गेल्यावर ती गळली, असा एक तर्क आहे. तिची भरपाई सुरुवातीच्या अरामी वाक्यात होते: या वर्षी इथे, पुढच्या वर्षी इस्राएलच्या भूमीत; या वर्षी दास, पुढच्या वर्षी स्वतंत्र. शेवटी ‘पुढच्या वर्षी यरुशलेमात’ असतंच.

या पंचांगाचा चमत्कार कोकणात कळतो. पेसाहच्या पहिल्या दिवशी दंवाची प्रार्थना होते आणि पावसाचा उल्लेख नित्याच्या प्रार्थनेतून गळतो, कारण इस्राएलात पावसाळा संपलेला असतो. तो परत येतो ऑक्टोबरच्या सुमारास. 1796 साली मुंबईत शआर हारहमीम हे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनागृह, उभं राहिलं. तेव्हापासून बाहेर आषाढ कोसळत असताना आत दंव मागितलं जातं, आणि पाऊस गेल्यावर त्याचं नाव घेतलं जातं. न पाहिलेल्या देशाचं हवामान दिवसातून तीनदा तोंडी.

मराठी हग्गादा मुंबईत 1846 साली निघाली. पुण्यात 1874 साली छापलेल्या हग्गादेत तर लुगडं नेसलेल्या बायका मत्सा करताना दाखवल्या आहेत. यहुद्यांचा स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या झायनवाद्यांच्या 1897 च्या बाझेलच्या पहिल्या परिषदेचं निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनी नाकारलं. परतायचं ते देवाच्या हाताने, माणसांच्या ठरावाने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टाच, येऊन गेला असं मानणाऱ्या आणि त्याच्या नावाने मलिदा करणाऱ्या लोकांना ती शोभणारीच म्हणायची. पाचवा पेला त्याच्याच नावाचा.

1948 ला इस्राएलचं राज्य उभं राहिलं, आणि ही वाट पाहणंच वादाचं झालं. सातमार पंथाचे हसीदी, म्हणजे कट्टर धार्मिक यहुदी, आजही म्हणतात की मसीहाआधी, देवाने पाठवलेला तारणारा येण्याआधी, राज्य उभारणं पाप. किब्बुत्झ या सामुदायिक शेतीच्या वसाहतींतल्या लोकांनी देवाला मागे सारून हग्गादात वसंत आणि कापणी आणली. आणि 1968 च्या पेसाहला रब्बी मोशे लेव्हिंगर काही कुटुंबांसह इस्राएलने नुकत्याच जिंकलेल्या वेस्ट बँकेतल्या हेब्रोनमधल्या पार्क हॉटेलात सेदेर करायला म्हणून उतरले आणि परत गेलेच नाहीत. त्यातूनच पुढे किर्यात अर्बा वसाहत उभी राहिली. त्या शहरातल्या पॅलेस्टिनींना त्या सणाची आठवण वेगळीच असणार.

बेने इस्रायलही बहुसंख्य गेले. दिमोना, अश्दोद, बीरशेबा इथल्या त्यांच्या घरांत आता एकाच रात्री सेदेर होतो. परदेशात दोन रात्री करायची चाल पडली होती, कारण यरुशलेमात चंद्र कधी दिसला याची खबर लांबवर वेळेत पोचत नसे. मुंबईत राहिलेले अजून दोन रात्री बसतात. पाचवा पेला दोन्हीकडे भरतात, आणि दोन्हीकडे तसाच ठेवतात.