टॉर्क पाना घ्यायला येताय? आधी हे वाचा

ग्राहकहो,

घरच्या गाडीचे ऑइल, फिल्टर आणि प्लग स्वतःच्या हाताने बदलणारी मंडळी वाढत आहेत. आमच्या धंद्याला ते बरेच आहे. पण टॉर्क पान्याबद्दल, म्हणजे लावलेल्या मापाला बोल्ट आवळला गेला की कट्ट वाजणाऱ्या पान्याबद्दल, काउंटरवर एकच तक्रार वरचेवर येते: "तुमच्याकडून टॉर्क पाना नेला, तो कट्ट वाजलाच नाही आणि चेंबरचे आटे गेले." सोबत कागदात गुंडाळलेला ड्रेन बोल्ट असतो, म्हणजे चेंबरमधले (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातले) ऑइल काढायचा बोल्ट. त्याच्या खाचांत चंदेरी, चकचकीत तार अडकलेली दिसते. ती तार म्हणजेच चेंबरचे आटे. बोल्ट पोलादाचा, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा. ताण जास्त पडला की मऊ धातू सोलून निघतो.

अशा वेळी आम्ही पाना टेस्टरवर लावून दाखवतो. बहुतेकदा तो ठीकच निघतो. चूक झालेली असते ती माप निवडताना, आणि तीही इथेच, काउंटरपाशी उभे असताना, घाईत.

गोटी, रॅचेट, एक्सटेन्शन, रिंग पाना ही नावे तुम्हाला माहीत आहेत असे धरून पुढचे लिहिले आहे.

"एकच द्या, मोठा, सगळ्याला चालेल असा"

दहांतले सात-आठ गिऱ्हाईक असेच मागते. मग नजर जाते ती अर्ध्या इंची, हातभर लांब, २८ ते २१० न्यूटन मीटरच्या पान्यावर (न्यूटन मीटर हे टॉर्कचे, म्हणजे आवळण्याच्या जोराचे माप). दिसायला भारदस्त, किंमतही आवाक्यातली, वर प्लॅस्टिकची पेटी. हा पाना चाकांच्या नटांसाठी उत्तम आहे. छोट्या-मध्यम गाड्यांचे चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळायचे असतात आणि ते या पान्याच्या मापात बरोबर मध्यावर बसतात.

घरी इंजिनाचे काम करताना लागणारी मापे मात्र याच्या बरीच खाली असतात. मारुती सुझुकीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांच्या ड्रेन बोल्टला ३५ न्यूटन मीटर लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरवाला १४ मिलिमीटर आट्यांचा स्पार्क प्लग असेल तर २५ ते ३०, १२ मिलिमीटरचा असेल तर १५ ते २०, आणि १० मिलिमीटरचा असेल तर १० ते १२. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बारके बोल्ट तर दहाच्या आसपासच. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तकात किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्यावा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये, रंग आणि मॉडेल एकच असले तरी. एकाच नावाच्या गाडीत दोन वेगवेगळी इंजिने असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता २१० च्या पान्याने ३५ साधायला गेले की काय होते ते पाहा. कट्ट वाजणाऱ्या कोणत्याही पान्याचा भरवसा त्याच्या कमाल मापाच्या साधारण २० टक्क्यांपासून वर धरायचा. २१० चे २० टक्के म्हणजे ४२. त्याच्या खाली दांड्यावर आकडे कोरलेले असले तरी स्प्रिंग इतकी सैल असते की आवाज दबका येतो, कधी येऊनही हाताला कळत नाही. ऐकू आले नाही म्हणून माणूस आणखी थोडे ओढतो. मग आणखी थोडे.

त्यात दांडा लांब. ४५ सेंटिमीटरच्या दांड्यावर ३५ न्यूटन मीटर गाठायला हाताचा जोर जेमतेम आठ किलोचा लागतो. १८ न्यूटन मीटरच्या प्लगला चार किलो. मनगटाला काही जाणवायच्या आतच माप ओलांडलेले असते. तेच काम २० सेंटिमीटरच्या दांड्याने केले तर ३५ साठी अठरा किलोच्या आसपास जोर लागतो, आणि कुठे थांबायचे ते हातालाच समजते.

म्हणून इंजिनाच्या कामाला आमचे उत्तर ठरलेले आहे: तीन सुती, म्हणजे ३/८ इंची पाना, साधारण १० ते ६० न्यूटन मीटरचा. ड्रेन बोल्ट आणि बहुतेक प्लग यात येतात. दहाच्या आसपासच्या बारक्या बोल्टांना मात्र तोही मोठाच. टॅपेट कव्हर उघडायची वेळ आली तर पाव इंची, ५ ते २५ चा पाहू. चाकांसाठीचा मोठा पाना सवडीने घ्या, किंवा घेऊच नका आणि दर वेळी टायरवाल्याकडून नट तपासून घ्या. यात आमची एक विक्री बुडते, पण तुमचा चेंबर वाचतो. मग तुम्ही पुढची गोटीसुद्धा इथेच घ्यायला येता, असा आमचा अनुभव आहे.

दोन पट्ट्यांचा घोळ

बऱ्याच पान्यांवर आकड्यांच्या दोन पट्ट्या असतात, एक न्यूटन मीटरची आणि दुसरी फूट-पाउंडाची. ३५ लावायचे म्हणून फूट-पाउंडाच्या पट्टीवर ३५ लावले तर प्रत्यक्षात ४७ न्यूटन मीटर होतात. पुस्तकात किलो-मीटर (अंतराचे किलोमीटर नव्हे, किलोचा जोर गुणिले मीटर) दिले असतील तर साधारण दहाने गुणा: साडेतीन किलो-मीटर म्हणजे ३४-३५ न्यूटन मीटर. पाना नेताना आमच्या मुलाकडून तुमचा आकडा एकदा लावून घ्या. मोठी पट्टी आणि मुठीवरची बारीक पट्टी यांची बेरीज करायची असते. ती एकदा डोळ्यांदेखत पाहिली की पुन्हा विचारायला यावे लागत नाही. आलात तरी हरकत नाही, पण शनिवारी संध्याकाळी नको.

गळती वॉशरची असते, शिक्षा बोल्टला होते

आटे जाण्याची गोष्ट बहुतेकदा गळतीपासून सुरू होते. ऑइल बदलले, बोल्ट बरोबर मापाला आवळला, सकाळी फरशीवर दोन थेंब दिसले. "सैल राहिला असेल" म्हणून पुन्हा पाना लावला. दुसऱ्या दिवशी एकच थेंब, म्हणून आणखी पाव फेरा. चौथ्या दिवशी बोल्ट हातात फिरू लागतो.

खरे कारण जुन्या वॉशरमध्ये असते, ज्याला आपण सगळे वायसर म्हणतो. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हा वायसर एकदा दाबला गेला की चपटा आणि कडक होतो. दुसऱ्यांदा तो नीट बसत नाही, कितीही आवळा. दर ऑइलला नवा वायसर घालावा. आमच्याकडे तो अगदी किरकोळ पैशांत मिळतो आणि ऑइल फिल्टर घेतलात तर मागितल्यावर सोबत फुकट मिळतो. मागावा लागतो, कारण गर्दीत मुलगा विसरतो.

बोल्ट बसवताना आटे पुसून कोरडे करा. पुस्तकातला आकडा बहुधा कोरड्या आट्यांचा असतो. ऑइल किंवा ग्रीस असले की घर्षण कमी होते आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. स्पार्क प्लगला तर अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती) लावूच नये, निदान मुलामा दिलेल्या आट्यांच्या प्लगला. लावलीच तर आकडा बराच खाली आणावा लागतो.

पाना वापरताना

टॉर्क पान्याने कधीही बोल्ट खोलू नका. गंजलेला बोल्ट खोलताना किती जोर पडेल याचा अंदाज नसतो आणि आतली यंत्रणा त्यासाठी केलेलीच नसते. खोलायला साधा रॅचेट किंवा लांब दांडा, आणि गोटी सहा कोनी. बारा कोनी गोटी पटकन बसते खरी, पण जुन्या बोल्टाचे कोपरे घासून गोल करते. एकदा बोल्ट गोल झाला की मग पाइप पान्याची पाळी.

आधी बोल्ट हाताने, नुसत्या बोटांनी पूर्ण चढवा. आडवा चढत असेल तर तो बोटांनाच कळतो, पान्याला कळत नाही. मग मुठीच्या मधोमध धरून सावकाश ओढा. कट्ट एकदा वाजला की थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजवायची सवय मेकॅनिक लोकांत दिसते. दर वेळी बोल्ट थोडा आणखी फिरतो. काम झाले की पान्याचे माप सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नेऊ नका. आणि पाना पडू देऊ नका. पडलाच तर टेस्टरवर तपासून घ्यायला आणा; आमच्याकडून घेतलेल्या पान्याची तपासणी पहिल्या वर्षात विनामूल्य आहे. पान्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वाजवल्यावर माप तपासावे लागते. घरगुती वापराला वर्षाचा हिशेब पुरे.

स्पार्क प्लग नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना काढा. गोटी आतून रबर किंवा चुंबक असलेलीच हवी, नाहीतर नवा प्लग खोल विहिरीत पडतो, टोक वाकते आणि फट बदलते. १६ मिलिमीटरची गोटी बऱ्याच गाड्यांना चालते, काही नव्या इंजिनांना पातळ भिंतीची १४ लागते. जुना प्लग खिशात घालून आणा, दोन मिनिटांत काम होते.

तेलाच्या फिल्टरचेही तसेच. कपासारखी गोटी हवी असेल तर जुना फिल्टर किंवा त्याचे खोके आणा. "स्विफ्टचा द्या" म्हटल्याने आम्हाला पाकळ्या आणि व्यास कळत नाहीत. हा कप खोलायला वापरा. बसवताना रबरी रिंगला ऑइलचे बोट लावा, हाताने फिरवा, रिंग टेकली की पाऊण फेरा द्या आणि सोडा. उगाच पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी कापूनच काढावा लागतो.

परत का घेत नाही

वापरलेला टॉर्क पाना आम्ही परत घेत नाही, बदलूनही देत नाही. यावर काहींचा राग होतो. पण आमचीही बाजू ऐका. पाना विकताना आम्ही तो तुमच्यासमोर तीन मापांवर तपासतो आणि आकडे बिलावर लिहितो. बाहेर गेल्यावर त्याने कोणी चाकाचा नट खोलला, तो पडला की नाही, हे आम्हाला कळायचा मार्ग नाही. तोच पाना दुसऱ्याला विकायचा तर त्याच्या इंजिनाशी खेळ होईल. टेस्टरवर माप चुकलेले निघाले आणि पाना पडल्याच्या खुणा नसतील तर मात्र विनातक्रार नवा मिळेल. साध्या गोट्या, पाने न वापरता आठ दिवसांत आणले तर बदलून मिळतात.

इतर हत्यारे, थोडक्यात

रोजच्या वापराच्या गोट्या आणि पाने नाशिकच्या टपारियाची किंवा जालंधर-लुधियानाकडच्या नावाजलेल्या कारखान्यांची घ्यावीत. क्रोम व्हॅनेडियम असा शिक्का सगळेच मारतात. गोटी हातात घेऊन भिंतीची जाडी आणि आतले कोन पाहा. १०८ नगांचा सेट घेण्याची गरज नाही. ८ ते १९ च्या गोट्या, दोन एक्सटेन्शन, एक रॅचेट एवढ्यात घरचे काम भागते, आणि सेटमधली १८ किंवा २० ची गोटी वर्षानुवर्षे नवीनच राहते.

टॉर्क पान्याच्या आधी जॅकचे दोन स्टँड घ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाणाऱ्याला आम्ही काही विकायला नाखूश असतो, हे स्पष्ट सांगतो. स्टँड सपाट, टणक जमिनीवरच. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर खाली जाड फळी ठेवा.

टायमिंग लॉकचे किट (टायमिंगचा पट्टा किंवा साखळी बदलताना इंजिनाचे फिरते भाग जागच्या जागी धरणारे) मागणाऱ्यांना आम्ही आधी दोन प्रश्न विचारतो. टायमिंग एक दात चुकले तरी काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. त्याचा खर्च मेकॅनिकच्या मजुरीच्या कित्येक पट असतो. पहिल्यांदाच करणार असाल तर किट भाड्याने न्या, जाणता माणूस शेजारी बसवा. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचे), ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचायचा) हेही भाड्याने मिळतात. अनामत घेतो, हत्यार पुसून परत आणले की पूर्ण परत.

काढलेले ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून आणा, आमच्याकडून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाते.

खंडेनवमीच्या आधीचा आठवडा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पूजेत ठेवायला नवे हत्यार हवे असते हे समजते, पण टेस्टरवर तपासून हवे असेल तर त्याआधी या.

आटे गेलेच असतील तर

टेफ्लॉन टेप गुंडाळून, एम-सील लावून बोल्ट बसवू नका आणि तशी गाडी चालवू नका. रस्त्यात बोल्ट निघाला तर ऑइल काही क्षणांत खाली आणि पुढे इंजिन जाम. बोल्ट घेऊन या, गाडीचे नाव आणि वर्ष सांगा. चेंबरसाठी हेलिकॉइलचे किट (भोक थोडे मोठे करून त्यात तारेचे नवे आटे बसवायचे) त्या मापाचे भाड्याने देतो. ड्रिलला ग्रीस लावून सावकाश चालवले आणि नंतर थोडे जुने ऑइल ओतून कचरा धुऊन काढला तर हे काम घरी जमते. स्पार्क प्लगच्या भोकाचे आटे गेले असतील तर मात्र घरी हात लावू नका. धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडतो आणि तो सगळा बाहेर निघाला की नाही हे वरून दिसत नाही. त्यासाठी हेड उतरवून लेथवाल्याकडे द्यावे लागते. ज्यांचे काम आम्ही पाहिले आहे अशा दोघांचा पत्ता काउंटरवर मागून घ्या.